दुधात अफ्लाटॉक्सिन पुन्हा पुन्हा येतंय : गव्हाणीपासून रानापर्यंत शोध आणि जैविक उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. डेअरीच्या तपासणीत दुधात अफ्लाटॉक्सिन एम१, म्हणजे खुराकातल्या बुरशीच्या विषाचं दुधात उतरणारं रूप, ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलोच्या मर्यादेपेक्षा जास्त निघतं. पशुपालक पेंडीची गोणी बदलतो, दुकानातून टॉक्सिन बाइंडरची (पोटात विष धरून ठेवणाऱ्या पुडीची) पिशवी आणतो आणि आठवड्यात दूध पास होतं. महिना-दीड महिन्याने पुन्हा तोच रिपोर्ट. मग बाइंडर भेसळीचा होता, डेअरी मुद्दाम नापास करते, गाईलाच काही दोष आहे, असे तर्क सुरू होतात.

खरं कारण बहुतेकदा साधं असतं. विष तयार होतं रानात, वाळवणीत किंवा गोदामात, आणि उपाय केला जातो गव्हाणीत. जैविक उपायांचंही असंच होतं. ट्रायकोडर्मा ही मातीतली उपयोगी बुरशी, लॅक्टिक ॲसिड जिवाणू, यीस्ट आणि हे विष बनवणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीचीच विष न बनवणारी जात या चारही गोष्टी कामाच्या आहेत, पण प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. यातल्या बहुतेक सजीवांचं काम विष तयार होण्याआधी जागा अडवण्याचं असतं. एकदा विष दाण्यात उतरलं की बुरशी मेली तरी ते तिथेच राहतं. उकळून, भाजून, उन्हात घालून ते पुरेसं जात नाही, आणि दूध पाश्चराइज केल्यानेही एम१ कमी होत नाही. एम१ दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पनीर आणि चक्क्यात त्याचं प्रमाण दुधापेक्षा वाढलेलं असतं.

म्हणून आधी विष कुठून येतंय ते शोधायचं.

आधी कागदावर हिशेब

खुराकातलं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी१. ते पोटात गेलं की यकृतात त्याचं एम१ होतं आणि त्यातला थोडा भाग दुधात उतरतो. साधारण दूध देणाऱ्या जनावरात हा भाग १ ते २ टक्के असतो, जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईत तो ६ टक्क्यांपर्यंत जातो. बऱ्याच जणांची गफलत इथेच होते.

एक गाय १० लिटर दूध देते आणि ६ किलो आंबोण खाते असं धरा. आंबोणात बी१ ३० पीपीबी, म्हणजे किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. रोज १८० मायक्रोग्रॅम पोटात गेलं. २ टक्के दुधात आलं तर ३.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरला ०.३६. दूध पास. आता २० लिटरची गाय घ्या, तिला १० किलो खुराक, तोच ३० पीपीबीचा. रोज ३०० मायक्रोग्रॅम. तिच्यात ४ टक्के उतरतं असं धरलं तर १२ मायक्रोग्रॅम, लिटरला ०.६. दूध नापास. गोणी तीच, गोठा तोच, निकाल वेगळा.

आता तिसरा प्रकार, जो सगळ्यांत जास्त आढळतो. गोळी पेंड प्रमाणित कंपनीची, भारतीय मानकाच्या २० पीपीबी मर्यादेत बसणारी. त्याच २० लिटरच्या गाईला १० किलो गोळी पेंड, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. वर ‘फॅट वाढावी’ म्हणून गावच्या घाण्यावरची १ किलो शेंगदाणा पेंड, जिच्यात २०० पीपीबी आहे. तिने आणखी २०० मायक्रोग्रॅमची भर घातली. ४०० चे ४ टक्के म्हणजे १६, भागिले २० लिटर, म्हणजे ०.८. पशुपालक गोळी पेंडीच्या कंपनीला दोष देतो आणि खरा दोषी एक किलोच्या घमेल्यात असतो.

कोणता घटक, हे पाच दिवसांत ठरवा

अफ्लाटॉक्सिनचा एक गुण तपासाला उपयोगी पडतो : ते लवकर येतं आणि लवकर जातं. दूषित खुराक दिल्यावर १२ ते २४ तासांत एम१ दुधात दिसतं आणि खुराक थांबवल्यावर साधारण ३ ते ५ दिवसांत उतरतं.

त्यामुळे एका वेळी एकच घटक काढा. बाकी सगळं तसंच ठेवा, बाइंडर चालू असेल तर त्याचं प्रमाणही बदलू नका. पहिला काढायचा तो शेंगदाणा पेंड, मग सरकी पेंड, मग मक्याचा भरडा, शेवटी गोळी पेंड. सहाव्या दिवशी सकाळचं दूध चांगलं ढवळून १०० ते २०० मिलिलिटर नमुना घ्या, बर्फात ठेवा, उजेड लागू देऊ नका. आकडा निम्म्यावर आला तर मुख्य वाटा त्या घटकाचाच. सगळं एकदम बदललं तर दूध पास होईल, पण कारण कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

कडबा आणि हिरवा चारा क्वचितच दोषी असतो. शेंगदाण्याचा पाला मात्र बघून घ्या, कारण त्यात राहिलेल्या पोचट, कुजक्या शेंगांत भरपूर विष असू शकतं.

नमुना चुकला तर सगळंच चुकलं

पेंडीचा रिपोर्ट ‘निरंक’ आणि दूध तरीही नापास, असं झालं की लोकांचा प्रयोगशाळेवरचा विश्वास उडतो. पण चूक बहुधा मुठीत असते, म्हणजे एका गोणीतून उचललेल्या एका मुठीत. अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं. शेकडो दाणे स्वच्छ असतात आणि एखादा दाणा भयंकर असतो. अर्ध्या ग्रॅमच्या एका शेंगदाण्यात दहा लाख पीपीबी इतकं विष असू शकतं. तो एक दाणा ५ किलो स्वच्छ दाण्यांत पडला तर सगळ्या ५ किलोंची सरासरी १०० पीपीबी होते. तो दाणा मुठीत आला की माल नापास, नाही आला की निरंक.

नमुना असा घ्यावा : निदान १० गोण्या निवडा, कमी असतील तर सगळ्या. प्रत्येक गोणीच्या वरून, मधून आणि तळातून पोकळ सळईने माल काढा, एकूण ५ किलो भरेल इतका. तो सगळा दळा किंवा भरडा. आधी अर्धा किलो बाजूला काढून तेवढाच दळणं ही नेहमीची चूक आहे. दळलेला माल स्वच्छ ताडपत्रीवर ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढा, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरला की कागदी पिशवीत बंद करून पाठवा. माल ओलसर असेल तर प्लास्टिकमध्ये पाठवू नका, वाटेतच बुरशी वाढते आणि रिपोर्ट खोटा वाढीव येतो.

निळ्या दिव्याबद्दल. काही व्यापारी अतिनील दिव्याखाली मका किंवा सरकी धरतात आणि हिरवट-पिवळी चमक दिसली की ‘अफ्लाटॉक्सिन आहे’ म्हणतात. ती चमक बुरशीच्या कोजिक ॲसिडपासून येते. तिच्यावरून एवढंच कळतं की ॲस्परजिलस तिथे वाढून गेली आहे. विष किती, आहे की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही, आणि शेंगदाण्यासाठी तर ही पद्धत भरवशाचीच नाही. वास आणि रंगही तसेच. बुरशीचा मागमूस नसलेल्या, छान वासाच्या पेंडीत विष असू शकतं, कारण घाण्यात गेल्यावर हिरवे-काळे दाणे ओळखू येत नाहीत. तेल रिफाइन करताना तेलातलं विष निघून जातं, पेंडीतलं पेंडीतच राहतं.

गव्हाणीतले उपाय : कोण कशाला धरतं

माल आधीच दूषित आहे आणि फेकणं परवडत नाही, अशा वेळी बाइंडर येतो. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला तिच्या थरांमध्ये घट्ट धरते आणि शेणावाटे बाहेर काढते. आंबोणाच्या ०.५ ते १ टक्का, म्हणजे ६ किलो खाणाऱ्या गाईला रोज ३० ते ६० ग्रॅम. हे खुराकात नीट मिसळलेलं हवं. सकाळी पाण्यातून पाजलं आणि संध्याकाळी दूषित पेंड दिली तर दोघांची भेटच होत नाही. बाइंडर देऊन फरक न पडण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे विष इतकं जास्त असणं की काही भाग सुटून जातोच. २०० पीपीबीची पेंड बाइंडरच्या भरवशावर चालू ठेवणं चुकीचं आहे, ती दुभत्या जनावरांच्या खुराकातून काढायलाच हवी.

ही माती जैविक नाही, हेही सांगायला हवं. जैविक म्हणून विकलं जातं ते यीस्टच्या पेशीभित्तीचं चूर्ण. त्यातलं बीटा-ग्लुकान झिअरालेनोन या फ्युजेरियम बुरशीच्या विषाला बऱ्यापैकी धरतं. अफ्लाटॉक्सिनवर त्याचा परिणाम मातीइतका खात्रीचा नाही. कालवडी वारंवार माजावर आल्यासारख्या दिसतात, योनी सुजलेली, गाभ राहत नाही आणि खुराकात बुरशी लागलेला मका आहे, अशा गोठ्यात झिअरालेनोनची शंका घ्यावी. तिथे नुसत्या बेंटोनाइटचा उपयोग नाही, यीस्टभित्तीचा होऊ शकतो. जिवंत यीस्ट ही आणखी वेगळी वस्तू. ती कोटीपोटाचं पचन सुधारायला मदत करते. तिच्याकडून विष बांधण्याची अपेक्षा करू नये. पिशवीवर नुसतं ‘यीस्ट’ लिहिलं असेल तर जिवंत की पेशीभित्ती, ते विचारून घ्या.

विष तोडणारे सजीव आणि विकरंही आहेत. गाईच्या कोटीपोटातल्या द्रवातून वेगळा केलेला एक जिवाणू ट्रायकोथेसीन गटातल्या बुरशीविषांची इपॉक्सी कडी (रेणूतला विषारी भाग) मोडतो. युरोपात तो वराहांच्या खाद्यासाठी मंजूर आहे. फ्युमोनिसिन हे आणखी एक बुरशीविष तोडणारं एस्टरेज विकरही तिथे मंजूर झालं आहे. पण दोन्हींचं लक्ष्य ठरलेलं आहे, अफ्लाटॉक्सिनला ती हात लावत नाहीत. अफ्लाटॉक्सिन तोडणारा जिवाणू १९६६ सालीच सापडला होता, तेव्हा त्याचं नाव फ्लेव्होबॅक्टेरियम ऑरँटिॲकम होतं. पुढे काही बॅसिलस जातींच्या विकरांनीही प्रयोगशाळेत तेच काम केलं. मात्र परीक्षानळीत विष तोडणारी जात आणि दुकानातल्या प्रोबायोटिक पिशवीतली जात एकच असते, असं धरून चालू नका. बॅसिलस सबटिलिस हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे आणि त्यातल्या मोजक्याच जाती हे काम करतात. पिशवीवर जातीचा क्रमांक, ग्रॅममागे किती सीएफयू (वाढू शकणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांची संख्या) आणि कोणत्या विषावर चाचणी झाली हे नसेल तर ती पचनासाठी घेतो आहोत असं समजून घ्या.

आणि एक ठाम सूचना : ट्रायकोडर्मा पेंडीवर, मक्यावर किंवा मुरघासावर टाकू नका. तो मातीचा रहिवासी आहे. ओल्या पेंडीवर तो वाढला तर पेंड आणखी कुजेल, आधीचं विष तसंच राहील, आणि जनावराच्या पोटात नको ती बुरशी जाईल.

गोदाम : इथे जिवाणूंआधी ओलावा बघा

साठवणीत कोणताही जैविक उपाय कोरडेपणाची जागा घेऊ शकत नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हसला वाढायला दाण्याभोवती साधारण ८० टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता लागते, आणि विष बनवायला २५ ते ३० अंशांच्या आसपासचं तापमान तिला फार मानवतं. म्हणजे आपल्याकडे जून ते ऑक्टोबर. मका १२ ते १३ टक्के, शेंगा ७ ते ८ टक्के, पेंड १० टक्क्यांच्या आत असेल तर ती वाढत नाही.

ओलावामापक नसेल तर मक्यासाठी मिठाची चाचणी करा. कोरडी, झाकणाची काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश मका भरा, दोन-तीन चमचे कडक उन्हात वाळवलेलं मीठ घाला, मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तर १५ च्या खाली, पण १३ च्या खाली असेलच असं नाही. म्हणून चाचणीत पास झालेल्या मक्यालाही आणखी दोन दिवस ऊन द्या.

सरासरी ओलावा ठीक असूनही बुरशी का लागते? पत्र्यामुळे. दिवसा पत्रा तापतो, गोणीतली वाफ वर जाते, रात्री पत्रा गार होतो आणि तिचे थेंब थप्पीच्या वरच्या गोण्यांवर पडतात. म्हणून वरच्या थराच्या गोण्या गाठोड्यासारख्या घट्ट होतात. पत्र्याखाली बारदान किंवा थर्मोकोल बांधा, थप्पी फळ्यांवर वीतभर उंच ठेवा आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब. सोंडे पडले तर त्यांच्या श्वासातूनही उष्णता आणि ओल तयार होते आणि त्यांनी पाडलेल्या भोकांतून बुरशी आत जाते, म्हणून कीडनियंत्रण हा बुरशीनियंत्रणाचाच भाग आहे. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त पेंड घेऊन ठेवू नका. स्वस्तात मिळते म्हणून घेतलेला तीन महिन्यांचा साठा शेवटी दुधात महाग पडतो. खुराक घरी बनवत असाल तर टनाला १ ते ३ किलो कॅल्शियम प्रोपिओनेट बुरशीची वाढ रोखतं. आधीच्या विषावर तेही निरुपयोगी.

सरकी पेंडीत एक जादा धोका असतो. गुलाबी बोंडअळी बोंडातून बाहेर पडते तेव्हा मागे भोक राहतं आणि तिथून ॲस्परजिलस सरकीपर्यंत पोचते. अमेरिकेत ॲरिझोनात अफ्लाटॉक्सिनविरोधी जैविक नियंत्रणाचं काम कापसात सुरू झालं ते सरकीतलं विष दुधात उतरत होतं म्हणूनच. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात बोंडअळीचा जोर असलेल्या वर्षी उशिराच्या वेचणीची सरकी पेंड तपासल्याशिवाय घेऊ नये.

मुरघास

नीट दाबलेल्या, हवाबंद मुरघासात अफ्लाटॉक्सिन तयार होत नाही. हवा शिरली की धोका सुरू. लॅक्टिक ॲसिड जिवाणू इथे खरोखर काम करतात : साखरेचं आम्ल करून सामू ४ च्या आसपास आणतात आणि बुरशीची वाट बंद करतात. ताज्या चाऱ्याच्या ग्रॅममागे किमान एक लाख जिवाणू पडले पाहिजेत. टनासाठी ते १०० अब्ज होतात, आणि पिशवीवरच्या सीएफयूवरून ग्रॅम काढता येतात. विरजण कालवायला नळाचं क्लोरीनयुक्त पाणी वापरलं तर जिवाणू पिंपातच मरतात. विहिरीचं पाणी घ्या, किंवा नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. कुट्टी पडतानाच फवारा, नंतर ढिगावर ओतलं तर ते सगळीकडे पोचत नाही.

जात कोणती, यालाही महत्त्व आहे. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम पटकन आम्ल बनवतो, पण खड्डा उघडल्यावर बुरशी रोखण्यात कमी पडतो. लॅक्टोबॅसिलस बुखनेरी हळूहळू ॲसिटिक आम्ल बनवतो आणि तेच उघडल्यावर बुरशीला अडवतं. त्याला दीड-दोन महिने लागतात. तीन आठवड्यांत पिशवी फोडणाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही. चारा ३० ते ३५ टक्के कोरडा असताना कापावा. फार वाळलेला चारा दाबला जात नाही, आत हवा राहते. उघडल्यावर रोज निदान वीतभर थर तोंडापासून कापून काढा. उंदरांनी भोक पाडलेल्या पिशवीत भोकाभोवतीचा हातभर चारा फेकाच. निळसर-हिरवे गोळे दिसतात ते बहुधा पेनिसिलियमचे. त्यात अफ्लाटॉक्सिन नसतं, पण तिची स्वतःची विषं असतात आणि बेंटोनाइट त्यांना फारसं धरत नाही. आणि शेतातून मक्याबरोबर आलेलं विष मुरघासात टिकून राहतं, तिथे जिवाणूंचा इलाज नाही.

रान : मूळ इथे आहे

भुईमुगात विष बहुतेकदा काढणीआधीच तयार होतं. शेवटचे चार ते सहा आठवडे पाण्याचा ताण पडला आणि शेंगांजवळच्या मातीचं तापमान २८ ते ३१ अंश राहिलं की झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती ढासळते आणि मातीतली ॲस्परजिलस शेंगेत शिरते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात एक-दोन संरक्षित पाणी देणं हा सगळ्या जिवाणू-बुरश्यांहून मोठा उपाय आहे. आऱ्या सुटताना एकरी साधारण २०० किलो जिप्सम दिलं तर कवच भक्कम होतं. हुमणी आणि वाळवीने पोखरलेली शेंग म्हणजे बुरशीला उघडं दार.

ट्रायकोडर्माची जागा इथे. मातीतल्या ॲस्परजिलसशी तो जागेसाठी आणि अन्नासाठी झगडतो आणि कायटिनेजसारख्या विकरांनी तिची भित्ती विरघळवतो. वापर असा : चांगलं कुजलेलं १०० किलो शेणखत सावलीत पसरा, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळा, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकं ओलं करा, ओल्या बारदानाने झाका, तीन-चार दिवसांनी परता. आठ ते पंधरा दिवसांत हिरवी-पांढरी वाढ दिसली की एका एकरात पेरणीवेळी सरीत टाका. आऱ्या सुटायच्या आधी वाफशावर दुसरा हप्ता द्या. बियाण्याला किलोमागे ४ ते ५ ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच पेरणी.

फसतं ते असं. शेणखत कच्चं असतं, त्याच्या उष्णतेत ट्रायकोडर्मा मरतो. बियाण्याला आधीच कार्बेन्डाझिम चोळलेलं असतं, आणि ते ट्रायकोडर्मासाठीही बुरशीनाशकच आहे. अशा बियाण्याला ट्रायकोडर्मा लावू नका, शेणखतातून मातीत द्या. पिशवी जुनी असते. भारतात ग्रॅममागे किमान २० लाख सीएफयूची अट आहे, पण दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या पिशवीत तेवढे जिवंत उरत नाहीत. उत्पादनाची तारीख बघा आणि ओल्या शेणखतावर मूठभर टाकून आठ दिवस आधी वाढून बघा. वाढ नाही आली तर परत करा. आणि ट्रायकोडर्माने मूळकूज, खोडकूज कमी झाली म्हणून अफ्लाटॉक्सिनही तेवढंच कमी झालं असं गृहीत धरू नका. त्याचा परिणाम विषावर कमी-जास्त होतो, माल तपासावाच लागतो.

विषाच्या आकड्यावर सगळ्यांत मोठा परिणाम दाखवणारा उपाय वेगळा आहे : ॲस्परजिलस फ्लेव्हसच्याच, पण विष न बनवणाऱ्या जाती. अमेरिकेत एएफ३६ ही जात २००३ मध्ये ॲरिझोना आणि टेक्सासच्या कापसासाठी नोंदली गेली, तिच्यामागे पीटर कॉटी यांचं काम आहे. भुईमुगासाठी अफ्ला-गार्ड हे अशाच दुसऱ्या जातीचं उत्पादन आलं. आफ्रिकेत आयआयटीए या शेती संशोधन संस्थेने अफ्लासेफ हे तसंच उत्पादन उभं केलं, त्यामागचे प्रमुख शास्त्रज्ञ रणजित बंद्योपाध्याय. केनियात २००४ मध्ये विषारी मक्याने १२५ माणसं दगावल्यावर तिथेही स्थानिक जातींवर ते तयार झालं.

भाजून निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर या जातीचे बीजाणू चिकटवतात. हेक्टरी १० किलो दाणे, पीक फुलोऱ्यात येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल्या जमिनीवर हाताने फेकतात. ओल मिळाली की दाण्यांवर बुरशी उगवते, बीजाणू उडतात आणि विषारी जातींच्या आधी कणसांवर, शेंगांवर जाऊन बसतात. जागा आधीच भरलेली असल्याने विषारी जातीला शिरकाव मिळत नाही.

जिथे हे वापरतात तिथल्या अपयशांची कारणं शिकण्यासारखी आहेत. जमीन कोरडी असली तर दाणे नुसते पडून राहतात आणि मुंग्या, पाखरं, उंदीर ते खातात. टाकल्यावर कोळपणी केली तर दाणे गाडले जातात आणि बीजाणू उडत नाहीत. फुलोऱ्यानंतर टाकलं तर विषारी जात आधीच बसलेली असते. आणि सगळ्यांत जास्त गोंधळ हा : कणसावर हिरवी बुरशी दिसतेच, कधी तेवढीच दिसते, म्हणून शेतकरी म्हणतो की उपाय फसला. बुरशीचं प्रमाण कमी करणं हा या उपायाचा हेतूच नाही, तिच्यातली विषारी जात बदलणं हा आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, प्रयोगशाळेत दिसतो. आणखी एक बारकावा म्हणजे एएफ३६ अफ्लाटॉक्सिन बनवत नाही, पण सायक्लोपिॲझोनिक ॲसिड हे दुसरं विष बनवू शकते. अफ्ला-गार्डची जात दोन्ही बनवत नाही.

परदेशातलं पाकीट मागवून आपल्या रानात टाकू नका. जाती त्या त्या मुलखाच्या मातीतून निवडाव्या लागतात, आणि नोंदणी नसलेलं जैविक कीडनाशक आणणं बेकायदा आहे. आपल्या मातीतली अशी नोंदलेली जात हाती येईतोवर ट्रायकोडर्मा, पाणी, जिप्सम आणि वाळवणी हेच हाताशी आहे.

वाळवणीची गोष्ट शेवटी येते, पण घाईत सगळ्यांत जास्त बिघडते तीच. १९७४ च्या शरद ऋतूत गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ जणांना काविळीसारखा आजार झाला आणि १०६ जण दगावले. ते विष काढणी आणि साठवणीच्या दरम्यान वाढलेलं होतं. भुईमूग उपटल्यावर वेल उलटे, शेंगा वर आणि पाला खाली असे ठेवा. शेंगा मातीला टेकू देऊ नका. शेंग हलवल्यावर दाणा आत वाजला पाहिजे. मळणीयंत्राने फुटलेल्या, किडलेल्या, कोंब आलेल्या आणि पोचट शेंगा वेगळ्या काढा. विषाचा मोठा वाटा या थोड्या मालात असतो. आणि गाव-गोठ्यात नेमका हाच माल ‘जनावरांना चालतं’ म्हणून बाजूला ठेवला जातो, किंवा घाण्यावर जाऊन त्याची पेंड होते. दुधात येणारं विष बऱ्याचदा इथूनच निघतं. हा माल घाण्यावर देऊ नका. भुईमुगाच्याच रानात जाणाऱ्या शेणखताच्या ढिगातही टाकू नका, नाहीतर पुढच्या हंगामात तीच बुरशी शेतात परत जाते. जाळा, किंवा गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात गाडा. जाळताना आणि चाळताना नाकावर जाड रुमाल किंवा मास्क बांधा, कारण तो धुरळा माणसाच्या फुप्फुसालाही वाईट.